डाळिंबापर्यंतचं पाणी

डाळिंबाचं पहिलं फूल गळलं तेव्हा मास्तरांनी ते उचलून खिशात टाकलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. बघायला घरात कुणी नव्हतंच. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती आणि घरात मास्तर, त्यांचं बंद पडलेलं शिलाई मशीन आणि मागची बाग एवढीच मंडळी उरली होती. तरी चोरी केल्यासारखं वाटलं खरं.

मास्तर म्हणजे शिंपी. हात थरथरायला लागला तसं त्यांनी दुकान मुलाच्या वयाच्या कारागिराला देऊन टाकलं, पण गल्लीनं त्यांचं मास्तरपण काही काढून घेतलं नाही. बागेत मात्र त्यांना कुणी मास्तर म्हणालं नसतं. बाग बायकोची. न्हाणीघराच्या छतावर टाकी, टाकीतून खाली येणारा पाइप, पाइपाला कॉक, कॉकच्या पुढे गाळणीचा डबा आणि तिथून निघून वाफ्यांमधून, कुंड्यांमधून वळणं घेत पार कोपऱ्यापर्यंत गेलेली काळी नळी. दर झाडाशी नळीला एक ड्रिपर, डाळिंबाला तेवढे दोन. सकाळी कॉक उघडायचा, थेंब थेंब पाणी पडत राहतं, दुपार झाली की बंद करायचा. हे सगळं बायकोनं स्वतः बसवलेलं. कुठला कॉक कशाचा हे कळावं म्हणून तिनं दर ठिकाणी चिंधी बांधून ठेवली होती. चिंध्या अर्थातच मास्तरांच्या कापणीतल्या. टाकीच्या कॉकला खाकी, गाळणीला पांढरी, नळीच्या शेवटच्या बुचाला निळ्या चौकड्याची.

जाताना ती म्हणाली होती, बाकी काही वाळलं तर वाळू दे, पुन्हा लावता येईल, तेवढं कोपऱ्यातलं डाळिंब जपा. ते डाळिंब लेकीनं लहानपणी फुटक्या कपात बी खुपसून लावलेलं. कपातून डब्यात, डब्यातून कुंडीत, कुंडीतून जमिनीत असं करत ते मोठं झालं. लेक सासरी गेली तरी त्याला फुलांपलीकडे काही येत नव्हतं. यंदा मात्र तीन फळं धरली. पहिलं फळ लेकीच्या हातात द्यायचं, असं बायकोनं फोनवर कबूल करून टाकलं होतं. आणि डाळिंबाचा स्वभाव असा की त्याला पाणी रोज सारखं लागतं. एक दिवस भरपूर, दोन दिवस कोरडं असं झालं की ते आधी फुलं टाकतं, मग फळं टाकतं, आणि टाकली नाहीत तर फळाला तडा तरी जातो.

मास्तरांनी तेव्हा हसून म्हटलं होतं, "अगं, सगळा जन्म सुईच्या नाकातून दोरा काढला मी. नळीतून पाणी काढायला काय लागतं?"

आता कळत होतं काय लागतं ते.

टाकीजवळच्या वाफ्यांना पाणी नीट पडत होतं. मधल्या कुंड्यांनाही ठीक होतं. कोपऱ्यात मात्र नळी नुसतीच पडलेली, डाळिंबाच्या दोन्ही ड्रिपरना थेंब नाही. मास्तर उकिडवे बसून बघत राहिले. एक थेंब ड्रिपरच्या तोंडाशी आला, फुगला आणि बेत बदलल्यासारखा तिथेच लटकून राहिला.

टाकी भरलेली होती. कॉक पूर्ण उघडा होता. मग त्यांनी गाळणीचा डबा उघडला. आतल्या जाळीवर हिरवट बुळबुळीत थर होता. मिळालं, असं मास्तर स्वतःशी म्हणाले, आणि जुन्या दातांच्या ब्रशनं ती जाळी त्यांनी अशी घासली की लग्नाच्या सुटावरचा डागही निघाला असता. दुसऱ्या दिवशी कॉक उघडल्यावर डाळिंबाशी टपटप सुरू झालं. मास्तर इतके खूश झाले की चहा करायला आत गेले आणि दोन कप करून बसले, एक बायकोचा. चहा संपवून बाहेर आले तर टपटप बंद.

जाळी पुन्हा उघडली. ती स्वच्छ होती.

फोनवर बायकोनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, सगळं एकदम छान आहे. पलीकडे बाळ रडत होतं, त्याला गप्प करताना कुणी बाई मोठ्यानं काहीतरी म्हणत होती. आवाज ओळखीचा वाटला, पण असेल लेकीची सासू, असं समजून मास्तरांनी फोन ठेवला.

मग ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार नवा होता, तरुण होता आणि सगळ्याच दुखण्यांवर त्याच्याकडे औषध होतं. मास्तरांची तक्रार ऐकून तो म्हणाला, काका, नळीत हवा धरली असेल. नाहीतर ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचला असेल. नाहीतर कुठेतरी गळती असेल. मास्तरांनी विचारलं, यातलं नक्की काय? दुकानदार म्हणाला, ते एकेक करून बघावं लागतं. आणि नवे ड्रिपर काढून देता देता म्हणाला, गंमत आहे, परवाच एक काका आले होते, त्यांचीही अगदी हीच तक्रार. त्यांना हेच दिलं.

"मग त्यांचं झालं का बरं?"

"आज सकाळी पुन्हा येऊन गेले," दुकानदार म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

मास्तरांनी सगळं एकेक करून बघितलं. ड्रिपर काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. घरभर आंबट वास सुटला, क्षारही निघाला, पण डाळिंब कोरडंच. नवे ड्रिपर लावले तर एक दिवस पाणी आलं, दुसऱ्या दिवशी गेलं. गळती शोधायला त्यांनी टाकीपासून कोपऱ्यापर्यंत नळी हातानं चाचपत नेली, कापडावर शिवण चाचपावी तशी. एका कुंडीमागे नळीला पीळ पडलेला सापडला. तो सोडवला. आता झालं, असं ते पुन्हा स्वतःशी म्हणाले. हे "आता झालं" ते इतक्यांदा म्हणाले होते की कोपऱ्यातल्या सरड्यालाही पाठ झालं असावं.

हवा काढायची म्हणून त्यांनी टोकाचं निळ्या चौकड्याचं बूच काढलं. दुकानदारानं सांगितलं होतं की बूच काढून पाणी मोकळं सोडलं की घाण आणि हवा दोन्ही निघून जातात. पाणी सुटलं कसलं, म्हाताऱ्याच्या लाळेसारखी धार ओघळली. मास्तरांनी नळीचं तोंड डोळ्याशी धरून आत बघितलं. आत अंधार होता. ते बघत असतानाच, कुणी काही केलेलं नसताना, नळी हातात थरथरली आणि पाण्याची चिळकांडी सरळ डोळ्यात गेली. चष्मा भिजला, शर्ट भिजला. मास्तर चष्मा पुसेपर्यंत धार जोरात चालली होती. त्यांनी बूच लावलं तर डाळिंबाचे ड्रिपर टपटपू लागले.

मास्तर तिथेच मातीत बसले. कॉकला हात लावला नव्हता. टाकीला हात लावला नव्हता. मग जोर आला कुठून? मशीन पाय न लावता चालायला लागलं तर शिंप्याला जसं वाटेल तसं त्यांना वाटलं. आपण सकाळी कॉक अर्धाच तर उघडला नव्हता? की उघडलाच नव्हता आणि आता उठून उघडून आलो? वयाप्रमाणे विसरायला होतं हे त्यांना माहीत होतं, पण किती विसरायला होतं हे विसरणाऱ्याला कसं कळणार? ते जाऊन कॉक बघून आले. पूर्ण उघडा. परत येईपर्यंत थेंब मंदावले होते.

त्या दिवशी एक फळ गळून पडलं. मोसंबीएवढं, अजून हिरवं. ते खिशात मावलं नाही. मास्तरांनी ते मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यामागे ठेवलं. फोनवर मात्र त्यांना सगळं छान आहे म्हणवेना. ते म्हणाले, जरा पाणी कमी येतंय कोपऱ्यात. बायकोनं बाळ कुणाच्या तरी हातात दिलं. मग म्हणाली, "तुम्ही कॉक किती वाजता उघडता?" मास्तर म्हणाले, उठलो की. ती म्हणाली, उठता कधी? त्याचा पाण्याशी काय संबंध, असं मास्तर चिडून म्हणाले. कुणीतरी मागून कुजबुजलं. बायको म्हणाली, जरा लवकर उघडत जा, उजाडल्या उजाडल्या, आणि बाळाचं काहीतरी निघालं म्हणून तिनं फोन ठेवला.

मास्तर चक्रावून गेले. पाण्याला काय, ते सकाळी ताजंतवानं असतं आणि उन्ह चढल्यावर दमतं? पण दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी कॉक उघडला, आणि डाळिंबाला पाणी आलं. चांगलं आलं. ते थेंबांकडे बघत उभे राहिले. बराच वेळ गेला, पलीकडे कुठेतरी दाराची कडी वाजली, कुणीतरी खाकरलं, आणि मास्तरांच्या डोळ्यांदेखत थेंब आखडत आखडत थांबले.

पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. तिकडे मास्तरांचा धाकटा भाऊ राहत होता. पाट्या रंगवणारा पेंटर. एकेकाळी हे घर आणि ते घर एकच होतं आणि अंगणही एकच. वाटणी झाली तेव्हा अंगणाच्या मधोमध भिंत आली आणि बोअरचं पाणी मास्तरांच्या बाजूला आलं. धाकट्यानं तेव्हा चार माणसांसमोर सांगितलं होतं की तुझ्या पाण्याचा एक थेंब मागणार नाही. मास्तरही म्हणाले होते, मागून बघ. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते. धाकट्याच्या घरचे कपडेसुद्धा मागच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे जायला लागले. ते मास्तरांना भिंतीपेक्षा जास्त लागलं होतं. बायकांनीही बोलायचं नाही असं मास्तरांनी घरात बजावलं होतं, आणि बायकोनं मान डोलावली होती.

खाकरणं ऐकून मास्तरांनी भिंतीकडे नजर टाकली. भिंतीवरून धाकट्याच्या कारल्याच्या वेलाचे शेंडे डोकावत होते, हिरवेगार. ते बघून त्यांना नेहमीच नवल वाटायचं. धाकट्याकडे नळाचं पाणी येतं ते प्यायलाही पुरत नाही, मग हा वेल जगतो कशावर?

त्यांनी कोपरा पुन्हा चाचपायला घेतला. डाळिंबाच्या अलीकडे, भिंतीला लागून, एक फुटकी कुंडी पालथी घातलेली होती. ती तिथे कायमचीच होती, म्हणून त्यांनी कधी उचलली नव्हती. आता उचलली. खाली नळीला एक फाटा फुटला होता आणि फाट्याच्या सांध्याला चिंधी बांधलेली होती.

मास्तरांनी चिंधी बोटात धरली आणि ते चपापले. जांभळ्या रंगाचं, चकाकणारं, बारीक फुलांचं कापड. हे कापड त्यांनी कधी कापलं नव्हतं. त्यांच्या घरातल्या दर चिंधीचं मूळ त्यांना ठाऊक होतं, ही खाकी कुठल्या गणवेशाची आणि ती चौकडी कुणाच्या शर्टाची. हे कापड त्यांच्या टेबलावर आलेलं नव्हतं. शिवाय कडही बघा, बोथट कात्रीनं ओढून कापलेली, चावल्यासारखी. अशी कात्री मागच्या रस्त्यावरचा तो चालवायचा.

त्यांनी माती उकरली. फाट्यातून निघालेली नळी वीतभर खोल जाऊन सरळ भिंतीखाली शिरली होती.

मास्तर उठले, आत गेले आणि कापड कापायची मोठी कात्री घेऊन आले. डोकं तापलं होतं. थेंब मागणार नाही म्हणणाऱ्यानं न मागताच नळी खुपसली होती आणि इथे लेकीचं डाळिंब वाळत होतं. एक कात्री चालवायची, तोंड दुमडून घट्ट बांधायचं, की कोपऱ्याचा प्रश्न कायमचा सुटला. त्यांनी नळी पात्यांमध्ये धरली. कापायच्या आधी सांध्यावरची चिंधी बाजूला करावी म्हणून गाठ सोडायला गेले, आणि गाठ सुटेना.

ती गाठ त्यांची होती. बटण लावून झालं की दोरा दोनदा फिरवून शेपटी आत दडवायची, ही गाठ त्यांनी लग्नानंतर बायकोला शिकवली होती. खाकी चिंधीला तीच होती, पांढरीला तीच, चौकडीला तीच. दुसऱ्या कुणाच्या हातून अशी गाठ त्यांनी पाहिली नव्हती.

म्हणजे नळी चोराची नव्हती. कापड त्या घरचं, गाठ या घरची. मास्तर कात्री हातात घेऊन तसेच उभे राहिले. डोक्यात सगळा गुंता झाला होता. कधीपासून? कुणी खणलं? भिंत तर दोघांच्या बायकांनी मिळून पोखरलेली दिसत होती आणि आपण दोघं तिच्या दोन्ही बाजूंना ताठ मानेनं उभे!

तेवढ्यात पलीकडून धाकट्याचा आवाज आला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, बहुतेक त्या दुकानदारालाच. जाळी धुतली, म्हणाला. व्हिनेगर झालं. नवे ड्रिपर लावले, हवा काढली, पीळ बघितला. बायको तिच्या भावाकडे गेली आहे, ती सांगून गेली की पिवळा कॉक उन्ह चढल्यावर उघडा, तसाच उघडतो, तरी कारल्याला पाणी पुरत नाही. कधी येतं, कधी जातं. आज तर सकाळीच उघडून बघितला, तरी तेच.

मास्तर ऐकत राहिले. आपलंच दुखणं कुणीतरी भिंतीआडून वाचून दाखवत होतं. आणि हळूहळू, धागा सुईत शिरावा तसं, एकेक लक्षात यायला लागलं. बायको उजाडता कॉक उघडायची. आपली झाडं भिजली की मग धाकट्याची बायको तिकडचा पिवळा कॉक उघडायची. दोघींची वेळ वेगळी, म्हणून जोर दोघींना पुरायचा. आणि इथे दोन म्हातारे एकाच टाकीला दोन्हीकडून ओढत बसले होते. धाकट्यानं उघडला की इकडचं डाळिंब कोरडं, बंद केला की मास्तरांच्या डोळ्यात चिळकांडी.

त्यांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं याचा त्यांनी पूर्वी कधीकधी विचार केला होता. त्यातलं एकही आठवलं नाही.

"छोट्या, तो कॉक जरा बंद कर."

पलीकडे फोनवरचं बोलणं तुटलं. मग कॉक फिरल्याचा करकर आवाज आला. मास्तर डाळिंबाकडे वळले. ड्रिपरच्या तोंडाशी थेंब आला, फुगला, पडला. मागून दुसरा.

"आलं का?" धाकट्यानं विचारलं.

"आलं."

"आता उघडतो. बघ."

"गेलं."

"बंद करतो."

"आलं."

असं त्यांनी आणखी एकदोनदा करून बघितलं. त्याची गरज नव्हती, पण त्याशिवाय दुसरं काय बोलायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. मग धाकटा भिंतीच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला असावा, कारण त्याचा श्वास ऐकू यायला लागला.

"दादा, म्हणजे हे पाणी तुझ्याकडचं."

मास्तरांनी कात्रीकडे बघितलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"मी चार माणसांत बोललो होतो, थेंब मागणार नाही," धाकटा म्हणाला. "मला खरंच ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, टाकीचं आहे. कुणाच्या टाकीचं ते मी विचारलं नाही. करतो मी हे कायमचं बंद."

बंद झालं तर डाळिंबाला पाणीच पाणी. राहिलेली दोन्ही फळं झाडावर पिकली असती. मास्तरांनी भिंतीवरून डोकावणारे शेंडे बघितले. एका शेंड्याला पिवळं फूल आलं होतं आणि ते इकडच्या बाजूला लोंबत होतं.

"तू मागितलंस कुठे?" मास्तर म्हणाले. "ज्याला ठाऊकच नाही तो मागणार कसा? राहू दे ते. आधी माझं डाळिंब होऊ दे, मग तू उघड."

"मला कसं कळणार तुझं झालं ते?"

"नळीवर ठोकतो."

धाकटा हं म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "डाळिंब म्हणजे ते कपातलं?"

"तेच."

"तो कप मी फोडला होता," धाकटा म्हणाला, आणि पलीकडे त्याच्या दाराची कडी वाजली.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. मास्तरांनी तिला सांगितलं की एक फळ गळलं, दोन आहेत. ती म्हणाली, असू दे, दोन तर आहेत. मागे बाळ रडत होतं आणि ती बाई त्याला गप्प करत होती, त्याच मोठ्या आवाजात. हाच आवाज या घरात एकेकाळी लेकीला अंघोळ घालताना आरडाओरडा करायचा. धाकट्याची बायको भावाकडे गेली म्हणे.

"धाकटीला सांग," मास्तर म्हणाले, "पिवळा कॉक फार करकरतो. वॉशर बदलायला हवा."

पलीकडे बाळ सोडून सगळे गप्प झाले. मग बायकोनं हळूच विचारलं, "तुम्ही दोघं बोललात?"

"पाण्यापुरतं."

"अहो, पण..." ती म्हणाली आणि पुढे तिला हसू आलं की रडू, ते फोनवरून नीट कळलं नाही. मास्तरांना विचारायचं खूप होतं. भिंतीखाली खणलं कुणी, आपण तेव्हा कुठे होतो, आणि या दोघींनी आणखी काय काय चालवलंय? पण विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती वाटून त्यांनी बाळाचं वजन विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी कॉक उघडला. डाळिंबाखाली माती काळी होत गेली. ती पुरेशी भिजली असं वाटल्यावर मास्तर कात्री घेऊन फाट्याशी बसले आणि तिच्या मुठीनं नळीवर ठोकणार, तेवढ्यात पलीकडूनच टक असा आवाज आला. मास्तर थांबले. हा झालं का म्हणून विचारतोय, की उघडू का म्हणतोय, की आधीच उघडला म्हणून सांगतोय? ठोक्याचा अर्थ काय धरायचा हे ठरवायचंच राहून गेलं होतं. त्यांनी थेंबांकडे बघितलं. थेंब पडत होते, जरा हळू, की तेवढेच, सांगता येत नव्हतं.

शेवटी त्यांनीही एक ठोका दिला आणि काय होतं ते बघत बसले.